पोरीच्या मांडीची ताकद तीन आठवड्यात नऊ किलोनं कमी झाली? आधी टेस्टच्या वेळी ती बसली होती का झोपली होती ते विचारा

गेल्या महिन्यात एक काका आले, केज तालुक्यातले, सोबत पोरगी. सतरा वर्षांची, खो-खो खेळणारी, खेळताना गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, तुटलं म्हणून शहरात नेऊन ऑपरेशन केलेलं, त्याला सात महिने झालेले. काकांनी पिशवीतून दोन कागद काढले अन् टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर लिहिलेलं, क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू, ३१ किलो. दुसरा कागद तीन आठवड्यांनी वेगळ्या ठिकाणी केलेल्या टेस्टचा, त्यावर क्वाड्रिसेप्स २२ किलो. काका म्हणाले, "मॅडम, रोज व्यायाम करती लेकरू, एक दिवस खाडा नाही, मग ताकद कमी कामून झाली? ऑपरेशन फसलं का?" पोरगी खाली बघत होती, तिनं मनात धरूनच घेतलं होतं की आपलंच कुठंतरी चुकलं.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते आणि असे कागद घेऊन येणारे लोक आता वाढलेत. जुलै २०२५ मध्ये आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे मोनॅकोच्या शर्यतीत पडला, गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलं, ती बातमी इकडं घराघरात वाचली गेली आणि तेव्हापासून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कबड्डीवाले, खो-खोवाले सगळे "मांडीची ताकद किती टक्के आली" असं विचारायला लागलेत. विचारतात ते चांगलंच आहे. पण आकड्याच्या शेजारी जी गोष्ट लिहिलेली पाहिजे ती बहुतेक कागदांवर नसतेच, टेस्ट करताना माणूस बसला होता, उताणा होता का पालथा, गुडघा किती वाकलेला, पट्टा बांधला होता का नाही. ते नसेल तर तो आकडा अर्धाच आहे, आणि अर्ध्या आकड्यावर रडूही नये आणि मैदानातही उतरू नये. हे नीट समजावून सांगावं म्हणून आज एवढं लांब लिहितेय.

मांडीत नेमकं काय काय आहे

मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायूंचा गट आहे त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात, त्यात चार स्नायू. चौघांचं काम एकच, गुडघा सरळ करणं. चौघंही गुडघ्याच्या वाटीला येऊन मिळतात आणि वाटीखालून पुढं नडगीच्या हाडाला धरतात. यातले तीन स्नायू मांडीच्या हाडावरच सुरू होतात, चौथा मात्र, रेक्टस फेमोरिस नावाचा, खुब्याच्या वरून कमरेच्या हाडापासून निघतो. म्हणजे तो दोन सांधे ओलांडतो, खुबा पण आणि गुडघा पण.

मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंग, बसताना पाटाच्या कडेला लागतात ते. हे गुडघा वाकवतात. हे जवळपास सगळेच बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, म्हणजे इथंही दोन सांधे. फक्त एक छोटासा भाग असा आहे की तो मांडीच्या हाडावरच सुरू होतो, तो खुबा ओलांडत नाही. हा छोटा भाग लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

आता जो स्नायू दोन सांध्यांवरून जातो त्याची लांबी दोन्ही सांधे ठरवणार ना. दोन खांबांवरून गेलेली कपडे वाळत घालायची दोरी धरा, कुठलाही एक खांब आत झुकला की दोरी सैल पडते, मग दुसरा खांब जागचा हलला नसला तरी. तुम्ही खुर्चीवर बसलात की खुबा वाकतो, पुढचा रेक्टस वरच्या बाजूनं सैल पडतो आणि मागचे हॅमस्ट्रिंग ताणले जातात. पालथं झोपलात की बरोबर उलटं. गुडघा तसाच, माणूस तोच, पण आतल्या स्नायूची लांबी बदलली.

लाटणं हातात घेऊन बघा

लांबी बदलली म्हणून ताकद का बदलावी, हा प्रश्न येतोच. स्वयंपाकघरातनं लाटणं आणा. मनगट सरळ ठेवून गच्च धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. आता मनगट आतल्या बाजूला, तळहात हाताकडं येईल असं पूर्ण वाकवा आणि तसंच गच्च धरायला बघा. लाटणं सहज निसटतं. बोटं मिटणारे स्नायू तेच आहेत, तुमची इच्छाही तेवढीच आहे, पण मनगट वाकल्यामुळं ते स्नायू आधीच आखूड झालेत, आणखी आखूड व्हायला जागाच उरली नाही. ऊसतोडीला जाणारी बाई कोयता कधी मनगट आत वाकवून धरत नाही, तिला हे कुणी शिकवलेलं नसतं, हाताला कळतं.

स्नायूच्या आत अतिशय बारीक धागे असतात, दोन प्रकारचे, एकमेकांत शिरलेले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, तसे. ताकद म्हणजे हे धागे एकमेकांना धरून आत ओढतात ती. बोटं नुसती टोकाला गुंतली असतील तर पकड कमी, पार मुळापर्यंत घुसली असतील तर पुढं ओढायला जागा नाही, मधल्या अवस्थेत पकड सगळ्यात चांगली. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूच्या एकेका तंतूवर मोजमाप करून हे दाखवून दिलं, आज फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला हाच आलेख काढायला लावतात.

बसून, उताणं आणि पालथं

हॅमस्ट्रिंगचं गणित यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. बसून मोजलं की खुबा वाकलेला, हॅमस्ट्रिंग ताणलेले, आकडा मोठा येतो. पालथं झोपून मोजलं की आखूड झालेले, आकडा लहान येतो. हे पुन्हापुन्हा तपासलं गेलंय, यात वाद नाही. व्यायामातही हे दिसतं, २०२१ मध्ये जपानी संशोधकांचं एक काम छापून आलं, त्यात माणसं तीच, एका पायानं बसून गुडघा वाकवायचा व्यायाम आणि दुसऱ्या पायानं पालथं झोपून, बारा आठवडे. बसून केलेल्या पायाचे हॅमस्ट्रिंग साधारण १४ टक्क्यांनी वाढले, झोपून केलेल्या पायाचे ९ टक्क्यांनी. आणि तो छोटा भाग, जो खुबा ओलांडतच नाही, तो दोन्ही पायांत जवळपास सारखाच वाढला. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण पुस्तकात रेघांनी दाखवलेली गोष्ट माणसाच्या मांडीत तशीच्या तशी उतरलेली.

क्वाड्रिसेप्सचं तेवढं सरळ नाही. नुसत्या हिशोबानं बघितलं तर बसल्यावर रेक्टस सैल पडतो म्हणून ताकद कमी यायला पाहिजे, उताणं झोपल्यावर जास्त. पण चारपैकी तीन स्नायूंना खुब्याशी देणंघेणं नाही, खुबा कसाही असो त्यांची लांबी बदलत नाही, त्यामुळं खुब्याचा फरक इथं हॅमस्ट्रिंगएवढा मोठा पडत नाही. शिवाय बसल्यावर कंबर खुर्चीत रुतते, पाठीला टेका मिळतो, हातानं कडा धरता येते, म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांत कुठं बसून जास्त आलंय, कुठं फरकच नाही. एक गोष्ट मात्र रोज डोळ्यांनी दिसते, बसून टेस्ट करताना पेशंट जोर लावायला लागला की आपोआप पाठ मागं टाकतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पाठ मागं गेली की खुबा उघडतो, रेक्टसला लांबी मिळते, आकडा वर जातो. म्हणून टेस्ट घेणाऱ्यानं पाठ कुठं आहे याच्यावर नजर ठेवायलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या वेळी ताठ बसलेला माणूस दुसऱ्या वेळी मागं रेलला अन् आपण म्हणणार सुधारला.

याची उलटी बाजूही आहे. ज्याचे हॅमस्ट्रिंग आखडलेले आहेत, दिवसभर टेम्पो चालवणारा किंवा दुकानात बसून असलेला माणूस, त्याला ताठ बसवून "गुडघा पूर्ण सरळ करा" म्हटलं तर होत नाही, शेवटचे वीस-तीस अंश राहूनच जातात. बघणाऱ्याला वाटतं मांडी कमजोर आहे. मांडी कमजोर नसते हो, मागून हॅमस्ट्रिंगनं लगाम धरलेला असतो. त्याला जरा मागं रेलू द्या, लगेच गुडघा सरळ होतो.

गुडघा किती वाकलेला, हे सगळ्यात मोठं

खुब्यापेक्षाही क्वाड्रिसेप्सच्या आकड्यावर जास्त परिणाम गुडघ्याच्या कोनाचा होतो. गुडघा पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश धरलं आणि खुर्चीवर पाय खाली सोडून बसल्यावर नव्वद, तर बहुतेकांची मांडीची जास्तीत जास्त ताकद ६० ते ७० अंशांच्या आसपास येते. तिथून गुडघा सरळ होत जाईल तशी ताकद झपाट्यानं उतरते, ३० अंशांवर तर खूपच कमी. यात स्नायूची लांबी आहेच, शिवाय वाटीचा भाग आहे. वाटी ही स्नायूच्या दोरीला हाडापासून लांब धरून ठेवते, विहिरीवरचा रहाट दोर काठावर घासू देत नाही तसं, आणि गुडघा वाकेल तसा हा फायदा कमीजास्त होतो.

आमच्या खो-खोच्या पोरींना हे शरीरानं माहीत आहे. पाटीवर एकदम उकिडवं बसलेली पोरगी खो मिळाल्यावर सरळ वर उसळत नाही, आधी पुढं झुकते, ढुंगण थोडं उचलते आणि मग पाय मारते. एकदम खोल बसल्या जागी पाय कमी देतो, थोडं वर आलं की गुडघा त्याच्या सोयीच्या कोनात येतो.

आता काकांचे दोन कागद. पोरीला विचारलं, पहिल्या ठिकाणी कशी बसवली होती? ती म्हणाली टेबलाच्या कडेला, पाय खाली सोडून, घोट्याला पट्टा बांधून पट्ट्यात जोर मोजायचं छोटं यंत्र अडकवलं होतं. म्हणजे नव्वद अंश. दुसऱ्या ठिकाणी? उताणं झोपवून गुडघ्याखाली गोल उशी ठेवली आणि सरांनी यंत्र हातात धरून नडगीवर दाबलं. म्हणजे साधारण तीस अंश. एक माप सोयाबीनचं पायलीनं घेतलं आणि दुसरं किलोनं, अन् दोन्ही आकडे शेजारी ठेवून शेत पिकलं का बुडालं ते ठरवायला बसलो, तसं हे झालं.

दुसऱ्या ठिकाणच्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. सुजलेल्या गुडघ्याला तीस अंशांच्या आसपास आतला दाब सगळ्यात कमी असतो, म्हणून तर दुखणारे लोक गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात, आणि सूज असली की मेंदूच मांडीला पूर्ण जोर लावू देत नाही, तेव्हा कधीकधी हा कोन निवडायला कारण असतं. पण ऑपरेशन नवीन असेल तर नव्वद अंशांवर मोजणं बसवलेल्या लिगामेंटसाठी जास्त सुरक्षित, कारण गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात मांडीचा स्नायू नडगीला पुढं ओढतो आणि तो ताण थेट त्या लिगामेंटवर येतो. कोन कुठला निवडला हे डॉक्टर ठरवतील, कागदावर तो लिहिला पाहिजे एवढंच माझं मागणं आहे.

पायाचं स्वतःचं वजन कुठं गेलं

गुडघ्याखालचा पाय पावलासकट अख्ख्या शरीराच्या साधारण ६ टक्के असतो. ६० किलोच्या माणसाचा म्हणजे साडेतीन किलोच्या वर. बसून गुडघा सरळ करताना हे वजन आधी उचलावं लागतं आणि मग उरलेली ताकद यंत्राला कळते. पालथं झोपून गुडघा वाकवताना सुरुवातीला हे वजन उचलावं लागतं, नव्वद अंशांच्या पुढं गेल्यावर तेच वजन मदत करायला लागतं. कुशीवर झोपलं तर पाय आडवा सरकतो, वजनाचा प्रश्न जवळपास संपतो. तगड्या गड्याला या साडेतीन किलोचं काही वाटणार नाही, पण लकवा झालेल्या माणसाला किंवा ऐंशी वर्षांच्या आजीला तोच फरक सगळं काही असतो.

डॉक्टर जे "पॉवर ३ आहे, ४ आहे" असं म्हणतात ना, ती पद्धत यातूनच आली. पोलिओच्या साथीच्या काळात बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या विल्हेल्मिन राईट यांनी लेकरांचे स्नायू गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध उचलतात का यावरून तपासायला सुरुवात केली, राईट यांनी ते १९१२ मध्ये छापलं. शून्य ते पाचची आजची पट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं नसांच्या जखमांसाठी काढली. बसून पाय वजनाविरुद्ध पूर्ण सरळ झाला तर ३. ते जमत नसेल तर कुशीवर झोपवून बघायचं, तिथं सरळ झाला तर २. म्हणजे बघा, या पद्धतीत झोपायची बाजू हाच मोजमापाचा पाया आहे. त्याच पायाला कुशीवर बघून कुणी "चांगला सरळ होतो की" म्हणालं तर ते अर्धवट खरं आहे. आणि ५ म्हणजे सगळं ठीक असंही समजू नका, तरुण खेळाडूची मांडी इतकी ताकदवान असते की पाव भाग ताकद गेली तरी तपासणाऱ्याच्या हाताला कित्येकदा कळतच नाही.

हातपंपाचा दांडा

हातपंपाचा दांडा टोकाला धरला की पाणी सहज येतं, मध्ये धरला की दम लागतो. पंप तोच. गुडघ्याला पण हाच नियम. यंत्र नडगीवर कुठं लावलं, गुडघ्यापासून किती लांब, यावर किलोचा आकडा बदलतो. समजा एखाद्याच्या मांडीचा फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो १२० न्यूटन मीटर आहे. गुडघ्यापासून ३० सेंटिमीटरवर यंत्र लावलं तर आकडा येईल साधारण ४१ किलो. ४० सेंटिमीटरवर, अगदी घोट्याजवळ लावलं तर ३१ किलो. मांडीत काहीच बदललं नाही आणि कागदावर दहा किलो गेले. म्हणून उंच माणसाची आणि बुटक्या माणसाची किलोमध्ये तुलना करायची नसते, अंतर मोजून टॉर्क काढायचा असतो. हे अंतर लिहायला टेप लागतो, पाच सेकंद लागतात, तरी कितीतरी कागदांवर ते नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंत्र हातात धरायचं का पट्ट्यानं बांधायचं हाही भाग यातलाच. मांडी हा शरीरातला सगळ्यात दांडग्या स्नायूंपैकी एक. समोर पोलीस भरतीचा गडी बसलाय आणि यंत्र धरणारी माझ्यासारखी पन्नास किलोची बाई, तर त्याचा पाय मला ढकलून देणार आणि आकडा येणार माझ्या हाताच्या ताकदीचा, त्याच्या मांडीचा नाही. पट्टा टेबलाच्या पायाला बांधला की हा प्रश्न मिटतो. मोठ्या शहरात आयसोकायनेटिक मशीन असतं, त्यात पाय ठरलेल्या वेगानंच फिरतो, खांदे, कंबर, मांडी सगळं पट्ट्यांनी आवळलेलं असतं आणि आधी पायाचं वजन तोलून ते हिशोबात धरायची सोय असते. ते उत्तमच. पण साधं यंत्र आणि चांगला पट्टा, कोन आणि अंतर लिहून, दर वेळी तसंच, एवढं केलं तरी खूप कामाची माहिती मिळते.

मग खरं कुठलं म्हणायचं, ३१ का २२?

दोन्ही खरे. नव्वद अंशांवर बसून ती मांडी ३१ देत होती, तीस अंशांवर उताणं झोपून, हातानं अडवल्यावर २२. पिकअप तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढत नाही म्हणून इंजिन बिघडलं असं कुणी म्हणत नाही. चूक फक्त दोघांना एका रेषेत बसवण्याची झाली.

मी पोरीला पहिल्यासारखंच बसवलं, टेबलाच्या कडेला, नव्वद अंश, घोट्याच्या वर तेवढ्याच अंतरावर पट्टा, हात छातीवर. तीनदा घेतलं, मध्ये विश्रांती दिली. ३३ आलं. म्हणजे तीन आठवड्यांत दोन किलो वाढलेलीच होती. काकांनी मोठा श्वास सोडला.

दुसऱ्या पायाशी तुलना केली की झालं ना?

हे बरेच जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तुलनेचा फायदा असा की स्थिती कशीही असली तरी दोन्ही पायांना तीच लागू होते. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के झाला की मग मैदानाचा विचार, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. पोरीचा चांगला पाय ४० आला, म्हणजे ३३ हे साधारण ८२ टक्के. सुधारणा आहे, पण अजून खो-खो नाही.

मात्र टक्केवारीलाही स्थिती सोडत नाही. तिच्या ऑपरेशनमध्ये नवीन लिगामेंट बनवायला हॅमस्ट्रिंगचाच एक तुकडा काढून घेतला होता, आपल्याकडं बऱ्याच ऑपरेशनांत तसंच करतात. तिचे हॅमस्ट्रिंग बसून मोजले, ऑपरेशनचा पाय १७ आणि चांगला २०, म्हणजे ८५ टक्के, बरं वाटावं असा आकडा. मग पालथं झोपवून, गुडघा नव्वदच्या पुढं वाकवून मोजलं. ९ आणि १५. साठच टक्के. बसल्यावर ताणलेल्या अवस्थेत बाकीचे स्नायू उणीव भरून काढतात, पालथं झोपून खोल वाकवल्यावर, सगळे आखूड झाल्यावर, ज्याचा तुकडा गेलाय त्याची कमी उघडी पडते. बसून घेतलेली टेस्ट खोटं बोलली नाही, तिला ते दिसणारच नव्हतं. या पोरीला खो मिळाल्यावर उकिडव्यावरून पळायचं आहे, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी द्यायची आहे, तिला हे साठ टक्के ठाऊक असणं फार गरजेचं होतं.

अन् चांगला पाय खरंच चांगला आहे का हेही बघायचं. सहा-सात महिने धावणं बंद, तर तो पण खाली आलेला असतो. त्याच्याशी तुलना करून मिळालेले ९० टक्के कधीकधी दोन्ही पाय कमजोर असल्यामुळं येतात. म्हणून जमलं तर स्वतःच्या शरीराच्या वजनाच्या हिशोबातला आकडाही बघावा.

"पाय सरळ वर उचलता येतो" किंवा "मी जिममध्ये ऐंशी किलो ढकलतो"

झोपून पाय सरळ वर उचलणं चांगला व्यायाम आहे, ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत आम्हीच करायला लावतो. पण तो पाय वर नेणारा स्नायू मोठ्या भागानं खुब्याचा आहे, क्वाड्रिसेप्सनं फक्त गुडघा सरळ धरून ठेवायचा असतो. त्यावरून मांडी पूर्ण आली असं ठरवता येत नाही. लेग प्रेसचं, म्हणजे बसून पायानं वजन ढकलायच्या जिममधल्या मशीनचं, पण तसंच, तिथं ढुंगणाचे स्नायू, पोटरी, दुसरा पाय, सगळे मदतीला येतात आणि शरीर इतकं हुशार आहे की कमजोर मांडीला गपचूप वाचवून ते वजन ढकलून दाखवतं. मशीनची सीट जरा मागंपुढं सरकवली तरी वजन बदलतं.

आजीसाठी खुर्ची

आता खेळाडूंचं बाजूला ठेवू, कारण घराघरातला प्रश्न आजीआजोबांचा आहे. म्हातारपणी मांडीची ताकद गेली की संडासातून उठता येत नाही, ओसरीची पायरी चढताना तोल जातो. घरच्या घरी बघायची एक सोपी टेस्ट आहे, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, घड्याळ लावून. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये जी मर्यादा दिली ती १२ सेकंद, त्याहून जास्त वेळ लागला तर डॉक्टरांना दाखवावं.

पण इथंही स्थिती आलीच. अशा टेस्टला खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंच घेतात. बाजेवरून, ती सैल पडून मध्ये खोल गेलेली असते, किंवा प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावरून उठवलं तर गुडघा जास्त वाकलेला असतो, वेळ वाढतो आणि घरचे उगीच घाबरतात. पलंगावरून उठवलं तर सोपं जातं आणि आपण निर्धास्त होतो. पाय किती मागं घेतले, पाठ किती पुढं झुकवली, यानंही फरक पडतो. म्हणून एक खुर्ची ठरवा, भिंतीला टेकवून ठेवा, सकाळी का संध्याकाळी ते ठरवा आणि दर महिन्याला त्याच खुर्चीवर बघा. शेजारी कुणीतरी उभं राहा, आजी एकटी असताना हे करू नका.

टेस्टला गेल्यावर काय विचारायचं

डॉक्टरला किंवा फिजिओला विचारायला लाजू नका, चांगला माणूस रागावत नाही. बसून का झोपून, गुडघा किती अंशात, यंत्र गुडघ्यापासून किती सेंटिमीटरवर, पट्टा का हात, किती वेळा घेतलं, आणि त्या वेळी दुखत होतं का. दुखत असेल तर तो आकडा ताकदीचा राहत नाही, दुखण्याचा होतो. पुढच्या वेळी दुसऱ्या गावी टेस्ट झाली तर हाच कागद दाखवा आणि असंच बसवा म्हणा. मोबाईलवर टेस्टच्या वेळचा एक बाजूनं काढलेला फोटो असला तर त्यापरता चांगला पुरावा नाही, त्यात पाठ, खुबा, गुडघा, यंत्र सगळं एकदम दिसतं.

काकांनी फोटो काढला नाही, त्यांच्याकडं साधा फोन होता. त्यांनी खिशातली हिशोबाची वही काढली, त्यात आधी कापसाच्या वेचणीची मजुरी लिहिलेली होती, त्याच्या खाली ३३ लिहून शेजारी खुर्चीवर बसलेलं रेघांचं माणूस काढलं, आणि ९ च्या शेजारी पालथं झोपलेलं, गुडघा वाकवलेलं. पोरीनं वही ओढून घेतली अन् त्या पालथ्या माणसाला दोन वेण्या काढल्या. पुढची टेस्ट सहा आठवड्यांनी आहे, याच टेबलावर.